अकरावीला कोणते विषय घ्यायचे? पुण्यात पहिल्यांदाच हा फॉर्म भरणाऱ्या घरांसाठी

दहावीचा निकाल लागला की घरात, सोसायटीत, फोनवर एकच विचारणा सुरू होते: "सायन्स, कॉमर्स की आर्ट्स?" हा प्रश्न अपुरा आहे. शाखेचं नाव सगळे विचारतात, आत कोणते विषय घेतले ते फारसं कुणी विचारत नाही, आणि बारावीनंतर अडतं ते नेमकं विषयांपाशी. एकाच कॉलेजच्या सायन्सच्या एकाच तुकडीतली दोन मुलं घ्या. एकाने जीवशास्त्र सोडून कॉम्प्युटर सायन्स घेतलं, दुसऱ्याने गणित सोडलं. दोन वर्षांनी प्रवेशाचे फॉर्म निघतात तेव्हा दोघांना सारखे असे मोजकेच कोर्स उरतात.

हा लेख ज्यांच्या घरात अकरावीचा फॉर्म पहिल्यांदाच भरला जाणार आहे त्यांच्यासाठी आहे. बदली होऊन पुण्यात आलेले, मुलाला मामाकडे किंवा होस्टेलवर ठेवून शिकवणारे, स्वतः वेगळ्या बोर्डातून शिकलेले पालक, आणि अर्थात ज्याचं आयुष्य आहे तो मुलगा किंवा ती मुलगी.

पहिली पायरी: शेवटाकडून सुरुवात करा

मुलाला विचारा, पुढे काय काय करावंसं वाटतं. एकच उत्तर हवं असा आग्रह धरू नका. पंधराव्या वर्षी तीन-चार गोष्टी आवडणं अगदी साहजिक आहे. त्या कागदावर लिहा आणि प्रत्येकीसमोर एकच गोष्ट शोधून लिहा: बारावीला कोणते विषय लागतात. ही माहिती त्या त्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत 'पात्रता' या मथळ्याखाली असते. राज्याच्या सीईटी कक्षाच्या पुस्तिका दरवर्षी संकेतस्थळावर फुकट मिळतात. ओळखीच्या काकांपेक्षा त्या पानावर विश्वास ठेवा.

सुरुवातीला एवढं हाताशी ठेवा. इंजिनिअरिंगला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच, आणि राज्यातल्या प्रवेशासाठी ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटांना ४० टक्के लागतात. एमबीबीएस, बीडीएसला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि नीट. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि आपल्या राज्यात फिजिओथेरपीचा रस्ताही नीटमधूनच जातो. बीएस्सी नर्सिंगला जीवशास्त्र लागतं. फार्मसीला मात्र भौतिक-रसायनासोबत गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हीपैकी एक चालतं. आर्किटेक्चरला गणिताशिवाय दार उघडत नाही. खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या संस्थेत, आर्मीसाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण नौदल आणि हवाई दलासाठी भौतिक, रसायन, गणित हवं. २०२२पासून तिथे मुलींनाही प्रवेश आहे, तेव्हा मुलीच्या कागदावरही हा पर्याय असू द्या.

पाच वर्षांच्या लॉसाठी कोणतीही शाखा चालते. सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, तीही कोणत्याही शाखेतून देता येते. एमपीएससी-यूपीएससीच्या मुख्य प्रशासकीय पदांना कोणत्याही शाखेची पदवी पुरते, त्यासाठी अकरावीला अमुकच घ्यायला हवं असं काही नाही. "वकील व्हायचंय म्हणून आर्ट्स" किंवा "सीए व्हायचंय, मग कॉमर्सच" हे नुसतं ऐकीव आहे. आर्ट्स, कॉमर्स आवडत असेल तर जरूर घ्या, पण सक्ती समजून घेऊ नका.

बाहेरून आलेल्या कुटुंबांनी इथेच आणखी एक गोष्ट तपासावी, कारण ती फार उशिरा कळते. महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, शिवाय अधिवास दाखला लागतो. त्यामुळे नीटच्या तयारीसाठी मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवून बारावीही तिथल्याच शाळेतून द्यायचा बेत असेल, तर आधी हा नियम वाचा. बेळगाव, इंदूर, हैदराबादहून दहावी करून आलेल्यांनी अपवादांची कलमं स्वतः वाचावीत. इंजिनिअरिंगच्या पुस्तिकेत उमेदवारांचे प्रकार दिलेले असतात, त्यात आपण कुठे बसतो तेही बघून घ्यावं.

दुसरी पायरी: गणित सोडण्याआधी थांबा

सगळ्या विषयांत सर्वांत जास्त रस्ते गणिताशी जोडलेले आहेत, आणि घाईत सर्वांत आधी सोडला जातो तोही गणितच. मी या एका विषयावर जास्त बोलणार आहे.

इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएचे दोन विभाग हे वर आलंच. पण गणिताची गरज अनपेक्षित ठिकाणीही निघते. संख्याशास्त्रात पदवी करायची असेल तर गणित लागतं. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला, ज्याला सगळे बीसीएस म्हणतात, बारावी सायन्सला गणित असावं अशी अट राहिलेली आहे. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं मनात असेल तर तिथेही गणित सक्तीचं आहे. मर्चंट नेव्हीच्या पदवीला गणित लागतं. एनडीएच्या लेखी परीक्षेत आर्मीसाठी जाणाऱ्यालाही ९००पैकी ३०० गुणांचा गणिताचा पेपर सोडवावाच लागतो. म्हणजे आर्ट्स घेऊन पात्रता मिळेल, पण पेपर टळणार नाही. सीए फाउंडेशनच्या चारपैकी एका पेपरात गणित, तर्क आणि संख्याशास्त्रच आहे. अकरावीला "सुटलो एकदाचं" म्हणून सोडलेलं गणित तिथे पुन्हा समोर येतं, तेही दोन वर्षं हात सुटल्यावर.

नव्या माणसाला माहीत नसलेली एक बाब: राज्य मंडळात बारावीपर्यंत गणिताची दोन वेगळी पुस्तकं आहेत. एक कला आणि विज्ञान शाखेसाठी, दुसरं वाणिज्यसाठी. म्हणजे आर्ट्सच्या मुलालाही सायन्सचंच गणित घेता येतं, कॉलेजमध्ये सोय असली पाहिजे एवढंच. अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि गणित असा गट घेणारी मुलं थोडी असतात, पण पुढे संशोधनाकडे किंवा डेटाच्या कामाकडे वळणाऱ्यासाठी हा फार चांगला गट आहे.

सीबीएसईच्या मुलांनी तर दहावीच्या आधीच सावध व्हावं. तिथे दहावीला गणिताचे स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पर्याय असतात, आणि बेसिक घेतलेल्याला अकरावीत नेहमीचं गणित घेताना अडचण येऊ शकते. हा निर्णय दहावीत शाळेकडून बोर्डाकडे नावं जातानाच होऊन जातो आणि घरी कुणी त्याकडे लक्ष दिलेलं नसतं. अकरावीच्या अप्लाइड मॅथ्सचंही तसंच. वाणिज्यासाठी ते उत्तम आहे, पण इंजिनिअरिंगला चालेल असं गृहीत धरू नका.

मग सगळ्यांनीच गणित ठेवावं का? नाही. नववी-दहावीत प्रत्येक चाचणीच्या आदल्या रात्री रडणाऱ्या मुलावर अकरावीचं गणित लादू नये. तिथे वेग वाढतो, पाठांतर चालत नाही, आणि एका विषयाची धास्ती बाकीचे पाच विषयही खाते. माझं मत असं: गणितात मध्यम गुण आहेत, भीती नाही आणि पुढचं काही ठरलेलं नाही, तर गणित ठेवा. भीती खरी आहे आणि कागदावरच्या एकाही पर्यायाला गणित लागत नाही, तर निश्चिंतपणे सोडा. "सोपं जाईल" एवढ्याच कारणाने मात्र सोडू नका.

तिसरी पायरी: सायन्समधले गट

पीसीएम म्हणजे भौतिक, रसायन, गणित. पीसीबी म्हणजे गणिताच्या जागी जीवशास्त्र. चारही ठेवले तर पीसीएमबी. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचेही पीसीएम आणि पीसीबी असे दोन गट आहेत आणि दोन्हींची परीक्षा देता येते. ही परीक्षा २०० गुणांची असते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ढोबळमानाने २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. "अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष" म्हणणाऱ्यांनी ते २० टक्के लक्षात ठेवावेत.

पीसीएमबी कुणी घ्यावं? ज्याचं खरंच ठरलेलं नाही आणि ज्याला अभ्यासाचा भार झेपतो त्याने. पाषाणच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत जायचं असेल तर चारही विषयांचा थेट उपयोग आहे. तिथल्या आयएटी परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न येतात. यांपैकी बारावीला तीनच विषय घेतलेल्यालाही परीक्षा देता येते, पण चौथ्याचा पेपर काही वगळला जात नाही. संशोधनाची ओढ असलेल्या मुलासाठी पुण्यासारखं गाव नाही. रसायनाची एनसीएल, खगोलाची आयुका, हवामानाची आयआयटीएम, विषाणू संस्था असं सगळं शहरातच आहे. पण केवळ "दोन्ही ठेवू, मग बघू" म्हणून चार विषय घेतले असतील, तर अकरावीच्या दिवाळीपर्यंत तरी "बघून" घ्यावं. जेईई आणि नीट एकाच वेळी नेटाने करणारी मुलं फार थोडी असतात.

आता बायफोकल. पुण्यात या शब्दाला वजन आहे, आणि बाहेरून आलेल्याला तो कळत नाही. बायफोकल विषय २०० गुणांचा असतो, म्हणून तो दोन विषयांची जागा घेतो. कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर सहसा दुसरी भाषा आणि जीवशास्त्र सुटतं, मग इंग्रजी, भौतिक, रसायन, गणित आणि कॉम्प्युटरचे दोन पेपर राहतात. इलेक्ट्रॉनिक्सचंही तसंच. यात प्रात्यक्षिकं असतात, गुण चांगले पडतात, आणि इंजिनिअरिंग नक्की असणाऱ्याचा वेळ वाचतो. पण कॉम्प्युटर सायन्स म्हणजे नव्या जमान्याचं कोडिंग अशी समजूत करून घेऊ नका. या अभ्यासक्रमात सी प्लस प्लस आणि एचटीएमएल जसं आहे तसा ८०८५ मायक्रोप्रोसेसरही आहे. ज्याला यंत्र आतून कसं चालतं याचं कुतूहल आहे त्याला मजा येईल. जीवशास्त्र सुटतं आणि त्याबरोबर मेडिकल, नर्सिंग, फिजिओथेरपी सुटतं, हे मात्र फॉर्मवर सही करण्याआधी मोठ्याने एकमेकांना सांगा. बायफोकलच्या जागा मर्यादित असतात, फी वेगळी पडते, तेव्हा कॉलेजात चौकशी वेळेत करा.

बायफोकल नको पण संगणक हवा, तर आयटी हा १०० गुणांचा विषय दुसऱ्या भाषेच्या जागी घेता येतो. तो तिन्ही शाखांत आहे.

भाषेविषयी थोडं. पुण्यात बरीच मुलं दुसरी भाषा म्हणून जर्मन किंवा फ्रेंच घेतात, कारण "मार्क मिळतात". मार्क मिळतातही. पण कॉलेजच्या दोन वर्षांच्या जर्मनवर अनुवादकाची नोकरी मिळत नाही. भाषा खरोखर आवडली तर मॅक्स म्युलर भवन किंवा फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधले अभ्यासक्रम बरोबरीने करा. जपानी, रशियन, स्पॅनिशही रानडेत शिकता येतं. आणि मराठी ठेवली म्हणून कुणी मागे पडत नाही, हेही इथे सांगून ठेवतो.

चौथी पायरी: कॉमर्समध्ये एसपी की गणित

कॉमर्सला बुककीपिंग, इकॉनॉमिक्स, ओसी म्हणजे ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स, हे ठरलेले असतात. खरी निवड दोन ठिकाणी: सेक्रेटरियल प्रॅक्टिस म्हणजे एसपी की गणित, आणि दुसरी भाषा की आयटी. सीए, फायनान्स, अ‍ॅक्च्युरिअल म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित, संख्याशास्त्र, चांगल्या संस्थेतलं अर्थशास्त्र यांतलं काहीही मनात असेल तर गणित. कंपनी सेक्रेटरी, बँकेतली नोकरी, घरचा धंदा, लॉ अशी दिशा असेल तर एसपीने काही बिघडत नाही. बीबीए, बीसीएला राज्यात २०२४पासून सीईटी सुरू झाली आहे, तेव्हा "बारावी झाली की जवळच्या कॉलेजात बीबीए घेऊ" इतकं ते आता सरळ राहिलेलं नाही.

आर्ट्स कमी गुणांची जागा नाही

हे पुण्यात तरी पुन्हा पुन्हा सांगायला लागू नये. भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज, गोखले इन्स्टिट्यूट, एफटीआयआय, आयएलएस लॉ कॉलेज ज्या शहरात आहे तिथे कला शाखेच्या मुलाने मान खाली घालायचं कारण नाही. अडचण वेगळीच आहे: प्रत्येक कॉलेजात प्रत्येक विषय नसतो. मानसशास्त्र, तर्कशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र यांतले कोणते विषय आणि कोणत्या गटात मिळतात, हे कॉलेजचं माहितीपत्रक बघूनच पसंतीक्रम लावा. मानसशास्त्र घ्यायचं म्हणून आर्ट्सला गेलेल्या मुलीला तो विषयच नसलेलं कॉलेज मिळालं, असं होऊ देऊ नका. समुपदेशक व्हायचं असेल तर बीएवर थांबून चालत नाही, पदव्युत्तर शिक्षण धरूनच हिशेब करा. शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर बीएडला आणि पुढे भरतीला पदवीचा विषय बघतात, म्हणून इतिहासाचा शिक्षक की इंग्रजीचा, हे पदवीच्या वेळी ठरतं.

डिप्लोमा आणि आयटीआय

ज्याचे हात चालतात, ज्याला मिक्सर उघडून बघायचा असतो, त्याच्यासाठी दहावीनंतर पॉलिटेक्निक हा सरळ रस्ता आहे. गणेशखिंड रस्त्यावरचं शासकीय तंत्रनिकेतन जुनं आणि मागणी असलेलं. तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दहावीनंतर ३ अधिक ३ वर्षं म्हणजे ६, आणि अकरावी-बारावी करून गेलं तरी २ अधिक ४ म्हणजे ६. वेळ तेवढाच लागतो, फक्त डिप्लोमावाल्याच्या हातात मध्येच एक नोकरीयोग्य पात्रता येते. मेडिकल आणि एनडीएचा रस्ता मात्र यातून जात नाही.

औंधच्या शासकीय आयटीआयसारख्या ठिकाणी फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. भोसरी, चाकण, पिंपरीच्या कारखान्यांत चांगल्या फिटर-मशिनिस्टला आजही मागणी आहे. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येतं.

पाचवी पायरी: पुस्तक उघडा

कल चाचणी करायची तर करा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या ठिकाणी ती नीट केली जाते आणि नंतर बोलायलाही माणूस मिळतो. पण त्याआधी एक बिनखर्चाची चाचणी घरीच होते. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. जे दोन विषय घ्यावेत की नाही असं वाटतंय त्यांची पुस्तकं उतरवून घ्या आणि सुट्टीत प्रत्येकी एक प्रकरण मुलाला स्वतःहून वाचू द्या. क्लास नको, यूट्यूब नको.

बुककीपिंगचं जर्नलचं प्रकरण बघा. "रोख माल विकत घेतला" यासारखा एक व्यवहार घ्या. कोणतं खातं नावे आणि कोणतं जमा, हे ठरवताना मुलाला कोडं सोडवल्यासारखं वाटतं की कपाळाला आठ्या पडतात? गणितातलं त्रिकोणमितीचं पान उघडा. दहावीतली सूत्रं तिथे पुढे सरकलेली दिसतील. पहिलं उदाहरण चुकलं तर मुलगा मागे जाऊन चूक शोधतो की वही मिटतो? जीवशास्त्रात पेशीचं प्रकरण आहे. त्यातली नावं लक्षात ठेवण्याचा कंटाळा आला तर नीटचा विचार पुन्हा एकदा करावा, कारण पुढे दोन वर्षं अशी नावं ढिगाने येतात. आठवडाभरात घराला जे कळतं ते कोणत्याही नातेवाइकाच्या सल्ल्यातून कळत नाही.

सहावी पायरी: फॉर्म आणि पसंतीक्रम

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये बरीच वर्षं आहे, २०२५-२६पासून ती सगळ्या राज्याला लागू झाली. फॉर्मचा पहिला भाग माहितीचा, दुसरा पसंतीक्रमाचा. दहापर्यंत कॉलेजं भरता येतात. सर्वांत महत्त्वाचा नियम: पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर "बघू तर खरं" म्हणून काही टाकू नका.

क्रम लावताना गेल्या वर्षीचा कटऑफ बघा, पण विषय, अनुदानित तुकडी आहे की विनाअनुदानित, आणि अंतर हेही बघा. फीचा फरक अनुदानामुळेच पडतो. कात्रजहून सकाळी सातच्या लेक्चरला गावात पोहोचणं आणि तेच वाघोलीहून पोहोचणं यात पोराच्या झोपेचा प्रश्न आहे. मेट्रोच्या पिंपरी ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मार्गांवर घर असेल तर शिवाजीनगरची कॉलेजं आता आवाक्यात आहेत. इनहाउस म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठीचा, अल्पसंख्याक आणि व्यवस्थापन कोटा यांची प्रक्रिया वेगळी असते, त्यात बसत असाल तर तारखा सोडू नका. जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, ईडब्ल्यूएस यांचे अर्ज दहावीच्या परीक्षेआधीच करून ठेवा, निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात. सायन्सच्या राखीव प्रवर्गातल्या मुलांनी जात पडताळणीचा प्रस्ताव अकरावी-बारावीत कॉलेजमार्फतच पाठवावा.

"इंटिग्रेटेड" नावाखाली क्लास आणि कॉलेज एकत्र विकलं जातं, त्याबद्दल दोन शब्द. फी देण्याआधी विचारा: प्रॅक्टिकल कुठे होतात, हजेरी कोण घेतं, विषय बदलायचा झाला तर काय, मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का. उत्तरं लेखी मागा.

विषय चुकला असं वाटलं तर

सायन्सकडून कॉमर्स किंवा आर्ट्सकडे कधीही येता येतं. बारावी सायन्स करून बीए, बीकॉम, लॉ करणारी मुलं भरपूर आहेत. उलट दिशेने जाता येत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा हा फरक लक्षात घ्या. अकरावीत विषय बदलायचा असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच कॉलेजच्या कार्यालयात पालकांच्या सहीचा अर्ज द्या. एकदा विषयांची नोंद मंडळाकडे गेली की बदल अवघड होतो. बारावी झाल्यावर सुटलेला विषय हवासा वाटला, तर तो एकच विषय जादा म्हणून देण्याची सोय एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयात आहे. जीवशास्त्र असं नंतर घेतलेल्यांनाही नीट देता येईल, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३मध्ये स्पष्ट केलं. ज्या कोर्ससाठी तो विषय द्यायचा त्याच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत असा विषय चालतो का, हे आधी वाचा आणि मगच परीक्षेची फी भरा.